धातूलाही वय असते : भिलाईच्या वर्गातून दिसलेली अणुभट्टी

भिलाईतील मुलांना भट्टी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीच्या आतले विटांचे अस्तर झिजते, काही वर्षांनी भट्टी थांबवून ते नव्याने बांधतात आणि त्या कामाला ‘कॅपिटल रिपेअर’ म्हणतात, हे कारखान्यात काम करणाऱ्यांच्या मुलांनी घरीच ऐकलेले असते. त्यामुळे ‘किरणोत्साराचा अणुभट्टीतील पदार्थांवर होणारा परिणाम’ हा विषय अकरावीच्या वर्गात मांडताना एका मुलीने विचारलेला प्रश्न अगदी स्वाभाविक होता : अणुभट्टीत वितळलेले लोखंड नाही, विटांचे अस्तर नाही; मग तिथे झिजते काय?

उत्तरासाठी आम्ही कॅरमबोर्ड मागवला. सोंगट्या मध्यभागी दाटीने मांडल्या, म्हणजे धातूची स्फटिकजाळी झाली. स्ट्रायकर म्हणजे न्यूट्रॉन. लोखंडाच्या अणूला जाळीतील जागेवरून हुसकण्यास सुमारे ४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. अणुभट्टीतील वेगवान न्यूट्रॉनची ऊर्जा सहज १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असू शकते. तो अणूवर समोरासमोर आदळला, तर त्यातील जास्तीत जास्त सात टक्के, म्हणजे सुमारे ७० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट त्या अणूला मिळतात. हा अणू पुढच्याला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि क्षणार्धात शेकडो अणू विस्थापित होतात. त्यांतील बहुतेक पुन्हा रिकाम्या जागांत बसतात. कॅरमच्या सोंगट्यांना हे जमत नाही आणि इथेच आमची उपमा संपते. पण थोड्या रिक्त जागा आणि थोडे बेघर अणू उरतात. वर्षानुवर्षे त्यांची बेरीज होत जाते. धातू कठीण होतो, ठिसूळ होतो, कधी फुगतो, कधी लांबतो.

ही शक्यता पहिली अणुभट्टी चालू होण्याच्या सुमारासच ओळखली गेली होती. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ग्रॅफाइटमधील अणू जागा सोडतील, असे युजीन विग्नर यांनी १९४२ मध्येच सांगितले होते. अशा विस्कटलेल्या जाळीत ऊर्जा साठून राहते. ब्रिटनमधील विंडस्केल येथे ती साठलेली ऊर्जा ग्रॅफाइट तापवून मोकळी करण्याचे काम चालू असताना ऑक्टोबर १९५७ मध्ये भट्टीच्या गाभ्याला आग लागली. धोक्याचे तत्त्व माहीत होते. प्रत्यक्ष भट्टीत ते कसे वागेल, याची जाण अपुरी होती.

आपल्या देशाचा धडा मात्र ग्रॅफाइटचा नाही, झिर्कोनियमचा आहे. जड पाण्यावर चालणाऱ्या आपल्या २२० मेगावॉटच्या अणुभट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. त्यांत इंधन असते आणि तीनशे अंशांच्या जवळपास तापलेले जड पाणी उच्च दाबाने वाहते. प्रत्येक नळीभोवती दुसरी, थंड नळी असते. दोघींत अंतर राहावे म्हणून आतल्या नळीवर स्प्रिंगची कडी चढवलेली असतात. झिर्कोनियमच्या स्फटिकाची रचना षट्कोनी असल्याने न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ही नळी भार नसतानाही लांबीत वाढते. भाराखाली तर हळूहळू मध्ये वाकतेही. त्यात कडी जागेवरून सरकली, की गरम नळी थंड नळीला टेकते. जड पाण्याच्या गंजक्रियेतून धातूत शिरलेले ड्यूटेरियम त्या थंड ठिपक्याकडे ओढले जाते, तिथे ठिसूळ हायड्राइड तयार होते आणि भेग पडते.

१ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातील पिकरिंग येथे नेमके हेच झाले. दुसऱ्या भट्टीतील एक नळी सुमारे दोन मीटर लांब फाटली. भट्टी सुरक्षितपणे बंद करता आली. पण ‘नळी फुटण्याआधी गळेल आणि सूचना देईल’ हा विश्वास त्या दिवशी डळमळला.

राजस्थानात रावतभाट्याच्या भट्ट्यांतही तेव्हा त्याच मिश्रधातूच्या, झिर्कलॉय-२ च्या नळ्या होत्या आणि तशीच सैल कडी होती. त्या मूळच्या कॅनडाच्या सहकार्यातल्या. परंतु १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला होता. तेव्हा किरणोत्सारी गाभ्यात दुरून चालणारी उपकरणे आपल्यालाच घडवावी लागली. नळीची अल्ट्रासॉनिक तपासणी करणे, सरकलेली कडी जागेवर आणणे, नळीच्या आतून धातूची बारीक कपची खरवडून ड्यूटेरियम मोजणे, ही तंत्रे भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि अणुवीज महामंडळात विकसित झाली. राजस्थानची दुसरी भट्टी १९९४ मध्ये बंद करून तिच्या सर्व नळ्या बदलण्यात आल्या आणि १९९८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. नव्या नळ्या झिर्कोनियम आणि अडीच टक्के नायोबियम यांच्या मिश्रधातूच्या होत्या. ती ड्यूटेरियम फार कमी शोषते. नवी कडी नळीवर घट्ट बसणारी आणि संख्येने दुप्पट, चार होती. पुढे मद्रास, नरोरा आणि काक्रापार येथील जुन्या भट्ट्यांतही हे काम झाले.

वर्गात मी एवढेच म्हणालो, “हे अणुभट्टीचे कॅपिटल रिपेअर.” मुलांच्या चेहऱ्यावरून कळले, की मुद्दा पोहोचला.

पण गोष्ट इथे संपवली असती, तर ती अर्धी झाली असती. ११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत गळती झाली. ज्या नळीला भेग गेली, ती नव्या मिश्रधातूचीच होती. नवा पदार्थ जुने दुखणे कमी करतो, त्याचे स्वतःचे दुखणे तपासणीतूनच कळते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत अणुभट्टीची आकृती असते, तिच्या भागांची नावे असतात. तिचे भाग म्हातारे होतात हे नसते. मग विद्यार्थी एक तर तिला अभेद्य मानतो, नाहीतर तिला घाबरतो. भिलाईत रूळ कारखान्याबाहेर पडण्याआधी त्याच्या पोटातील भेग अल्ट्रासॉनिक लहरींनी शोधतात, आणि म्हणून त्या रुळावर कुणी अविश्वास दाखवत नाही. अणुभट्टीबद्दलही मुलांना तोच प्रश्न विचारता यावा : हा भाग शेवटचा कधी तपासला, आणि त्यात काय आढळले? तो विचारण्यापुरते भौतिकशास्त्र अकरावीत नक्की शिकवता येते.