बाडापासून फितीपर्यंत

आवडीची गाणी वेचून त्यांची माळ ओवावी, ही हौस यंत्रयुगाने जन्मास घातली असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. आमच्याकडे हरिदास आणि रामदासी बाडे बाळगीत. शिवलेल्या कागदांच्या त्या वह्यांत तुकोबांच्या अभंगाखाली समर्थांचे करुणाष्टक, त्यापुढे एखादी आर्या आणि आरती, असा संग्रह असे. उतरून घेणाऱ्यास जे भावले वा उपयोगी पडले ते त्याने घेतले. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी अशी बाडे जमविली, म्हणून कितीतरी जुनी रचना आज अभ्यासकांच्या हाती आहे. एकाची हौस सर्वांचा ठेवा झाली.

पुढे ध्वनिमुद्रिका आली. 1902 साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रण झाले आणि तीन मिनिटांच्या तबकडीत गाणे सामावू लागले. मात्र कोणते गाणे मुद्रित करावे, हे कंपनी ठरवी. 1952 साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, तिचाही क्रम श्रोत्याच्या हाती नव्हता. त्याने फार तर फर्माइशीचे पत्र टाकावे आणि वाट पाहावी.

1963 साली फिलिप्सने कॅसेट आणली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली ती ऐंशीच्या दशकात, आणि ऐकणाऱ्याच्या हाती जणू पुन्हा बाड आले. कोपऱ्यावरच्या दुकानात यादी द्यावी आणि गाणी भरून घ्यावीत, असा परिपाठ पडला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

पण खरा आनंद यादी करण्यातच होता. नव्वद मिनिटांच्या फितीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. तीत बारा-तेरा गाणी मावत. एक घ्यायचे तर दुसरे गाळावे लागे, आणि गाळताना आपली आवड आपल्यालाच कळे. चुकीच्या हिशेबाने शेवटचे गाणे ऐन अंतऱ्यात तुटे. बैठकीची सांगता भैरवीने व्हावी, तसे शेवटी काय ठेवावे याचाही खल होई. मनासारखी भरली की मागची पाकळी मोडायची, म्हणजे ती चुकून पुसली जाणार नाही.

आता यादीस मर्यादा उरलेली नाही. हजार गाणी क्षणात जमतात, ही सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु आजच्या पुष्कळशा याद्यांत गाणे नसते, गाण्याकडे जाणारी केवळ खूण असते. पुरवठादाराने गाणे काढून घेतले, तर माळेतला मणी मुकाट्याने गळतो. उद्या कोणी देव गावोगाव हिंडले, तरी त्यांच्या हाती काय लागणार?

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. यादी यंत्रावर खुशाल करावी. पण एकदा ती कागदावर, स्वतःच्या अक्षरात, तारीख घालून उतरावी. बाडे टिकली ती अशीच.