चराई, पट्टा आणि तांडा

आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण राजवटी मोजतो. मला वाटते, इथल्या खेड्याची खरी कथा गुरे आणि जमीन यांच्या नात्यात आहे.

पूर्वी रान मोकळे होते. गोंड, कोलाम शेती करीत, गुरेही पाळीत. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून या मुलखातून जात. पुढे रेल्वे आली, सडका झाल्या. लदेणी बसली, आणि गुरांमागे फिरणारे बंजारे जमीन शोधू लागले. त्याच काळात निजामाच्या जंगल खात्याने राखीव रानाच्या हद्दी आखल्या. जमीन कमी आणि मागणारे अधिक, असा पेच पडला. चराईवर कर होता, त्याला ‘बंचराई’ म्हणत. या जाचाविरुद्ध कुमराम भीम उठला आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. दरवर्षी कोजागरीला तिथे त्याचे स्मरण होते.

या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. मार्लवाईला गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके छापली गेली, हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. आपले सेतुमाधवराव पगडी यांनीही या गोंडांत काम केले, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला.

१९५६ मध्ये किनवट, राजुरा जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्रात राहिला. सोयरीक मात्र दोन्हीकडे राहिली. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतो. तेलंगणच्या जिल्ह्यांत १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तो अनुसूचित जमातींत आला. सीमेपलीकडून तांडे येतात, जमिनी आणि नोकऱ्या आपल्या हातून जातात, अशी गोंडांची तक्रार. आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आम्हालाही पोट आहे, असे बंजाऱ्यांचे म्हणणे. २०१७ च्या डिसेंबरात उटनूर भागात हा वाद रस्त्यावर आला आणि जमावबंदी लागली. आदिवासी गावांच्या शाळांत लंबाडा शिक्षकांना येऊ देईनात.

विकासाचे नुकसान नेमके इथे होते. शिक्षक गावात येऊ शकत नसेल तर पोरांचे वर्ष बुडते, मग ते पोर गुड्यातले असो की तांड्यातले. पट्ट्याचा वाद कोर्टात लोंबकळला की कोणीही त्या जमिनीत विहीर खोदायला धजत नाही. दोघांनाही आधी रानाच्या हद्दीने कोंडले आणि मग याद्यांनी वेगळे केले, हे आपण सीमेवरच्या मराठी माणसांनी ओळखले पाहिजे. दोन्ही घरांशी आपला बाजारहाट आहे. कोणाची जमीन, कोणाचे गुरचरण, हे गावातच बसून कागदावर आणण्याच्या कामात आपण मध्यस्थ होऊ शकतो.