पुरुषांमधील स्तनवाढ : शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेनंतर

ऐन उन्हाळ्यातही सदऱ्याच्या आत घट्ट बनियन घालणे, पोहायला जाण्याचे टाळणे, खांदे पुढे झुकवून चालणे, समूहात छायाचित्र काढताना मागच्या रांगेत उभे राहणे... अशा सवयींमागे कित्येकदा एक न बोललेले दुखणे असते. पुरुषांच्या छातीत स्तनग्रंथींची वाढ होण्याच्या या अवस्थेला वैद्यकशास्त्रात 'गायनेकोमास्टिया' म्हणतात. चेष्टेच्या भीतीने मुले ही गोष्ट आईवडिलांनाही सांगत नाहीत आणि प्रौढ पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास वर्षानुवर्षे संकोचतात. वास्तविक ही अवस्था अतिशय सामान्य आहे आणि तिच्यावर उपचारही आहेत. मात्र शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी तिची पुरेशी माहिती असणे आवश्यक आहे.

स्तनवाढ का होते?

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनबरोबरच इस्ट्रोजेन हे संप्रेरकही अल्प प्रमाणात असते. या दोहोंतील तोल ढळला की स्तनग्रंथी वाढू लागतात. पौगंडावस्थेत हे अनेक मुलांच्या बाबतीत घडते आणि बहुतेकांची वाढ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. म्हणूनच चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घाईने शस्त्रक्रियेसाठी नेणे योग्य नव्हे. त्याला धीर देणे आणि वाट पाहणे, हाच बहुतेक वेळा पहिला उपचार ठरतो.

प्रौढांमध्ये यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडचा अतिरेकी स्राव, मद्यपान, तसेच स्पायरोनोलॅक्टोन, केटोकोनॅझोल, फिनास्टेराइड यांसारखी औषधे कारणीभूत ठरू शकतात. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी अॅनाबॉलिक स्टेरॉइड्स हेही एक महत्त्वाचे कारण आहे. क्वचित प्रसंगी वृषणातील गाठ यामागे असते. अनेकदा मात्र तपासणी करूनही निश्चित कारण सापडत नाही.

केवळ लठ्ठपणामुळे छातीवर साठलेली चरबी हा निराळा प्रकार आहे. खऱ्या स्तनवाढीत स्तनाग्राच्या मागे रबरासारखी चकती हाताला लागते; चरबी असेल तर ती लागत नाही. वजन घटवल्याने चरबी कमी होते, ग्रंथी सहसा होत नाही.

तपासण्या टाळू नयेत

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर औषधांचा आणि व्यसनांचा इतिहास विचारतात, छातीबरोबर वृषणांचीही तपासणी करतात. गरजेनुसार संप्रेरकांच्या आणि यकृताच्या रक्तचाचण्या, तसेच सोनोग्राफी केली जाते. या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने द्यावीत. स्टेरॉइड्स घेत असल्याचे लपवले, तर शस्त्रक्रियेनंतर वाढ पुन्हा होऊ शकते.

एकाच बाजूला कठीण, न हलणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तस्राव होणे ही लक्षणे असल्यास मुळीच वेळ दवडू नये. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी पुरुषांमध्ये आढळतात. पण 'पुरुषांना हा रोग होत नाही' या गैरसमजामुळे निदानास उशीर होतो.

सुरुवातीच्या, दुखऱ्या अवस्थेत काही रुग्णांना औषधांचा उपयोग होतो. वर्षभराहून अधिक काळ टिकलेल्या ग्रंथीत मात्र तंतुमय ऊती तयार होतात. मग औषधांनी फारसा फरक पडत नाही आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रिया कशी होते?

ही कल्पना नवी नाही. एजिना येथील पॉल या सातव्या शतकातील ग्रीक वैद्याच्या ग्रंथात अशा शस्त्रक्रियेचे वर्णन आढळते. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोलाकार छेद घेण्याची पद्धत अमेरिकेतील शल्यचिकित्सक जेरोम वेबस्टर यांनी १९४६ मध्ये मांडली. व्रण रंगाच्या सीमेवर लपतो, म्हणून ती आजही रूढ आहे. पुढे लायपोसक्शनची जोड मिळाली.

आज बहुधा दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. काही मिलिमीटरच्या छिद्रातून नळी घालून चरबी शोषून घेतली जाते आणि वर्तुळाच्या कडेच्या छेदातून ग्रंथी काढली जाते. स्तनाग्र खोलगट दिसू नये म्हणून त्याच्यामागे ग्रंथीचा पातळ थर मुद्दाम ठेवतात. त्वचा फारच सैल असेल तर ती कापावी लागते आणि व्रण मोठे राहतात. पूर्ण भूल किंवा स्थानिक भूल व गुंगी देऊन साधारण एक ते दोन तासांत शस्त्रक्रिया पूर्ण होते. पुष्कळ रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. काढलेली ऊती तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवणे इष्ट असते.

नंतरचे दिवस

पहिले दोन-तीन दिवस छातीत ठणका, सूज आणि काळेनिळेपणा असतो. तो वेदनाशामक गोळ्यांनी आटोक्यात राहतो. साचणारे द्रव बाहेर पडावे म्हणून काहींना एक-दोन दिवस बारीक नळी ठेवतात. छातीला दाब देणारे विशेष जाकीट साधारण चार ते सहा आठवडे वापरावे लागते. मुंबई-पुण्याच्या दमट किंवा उष्ण हवेत ते नकोसे होते, तरीही सोडून चालत नाही.

बैठे काम आठवडाभराच्या आत सुरू करता येते. वजने उचलणे, पोहणे आणि क्रिकेटसारखे खेळ मात्र चार ते सहा आठवडे बंद ठेवावेत. पहिल्या आठवड्यात आरशात पाहून निराश होणारे अनेक असतात. सूज ओसरून अंतिम आकार दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात.

धोके कोणते?

त्वचेखाली रक्त साचणे हा यातील सर्वाधिक आढळणाऱ्या गुंतागुंतींपैकी एक आहे. एका बाजूची सूज अचानक वाढली तर त्वरित रुग्णालय गाठावे. याशिवाय द्रव साचणे, जंतुसंसर्ग, स्तनाग्राची बधिरता, दोन्ही बाजूंत असमानता आणि जाड व्रण संभवतात. काहींना दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया लागते. धूम्रपानाने जखम भरण्यास विलंब होतो, म्हणून ते काही आठवडे आधीच थांबवावे. रक्त पातळ करणारी औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

डॉक्टर निवडताना

प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी, वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी आणि भूलतज्ज्ञाची उपस्थिती या बाबींची खात्री करावी. सवलतीच्या जाहिरातीवर विसंबून निर्णय घेऊ नये. आरोग्यविम्यात सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांचा खर्च सहसा वगळलेला असतो. म्हणून विमा कंपनीकडून आधीच लेखी खुलासा घ्यावा. मुंबईत केईएम, शीव आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत.

शस्त्रक्रियेने छाती सपाट होते. न्यूनगंड मात्र एका रात्रीत जात नाही. घरातील मुलाने हा विषय काढला, तर 'वाढत्या वयात असे होते, डॉक्टरांना दाखवू' एवढे शांतपणे सांगितले, तरी त्याच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.