दारफळणीचा सण

कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांचा जुना धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. वर्षातून एक दिवस मात्र घाण्याबरोबर घराचे दारही बंद होई. पांढरे कपडे घालून माणसे आत राहत, अन्नपाणी घेत नसत. या दिवसाला त्यांनी मराठी नाव दिले होते, ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दार लावून घेण्याचा सण.

हाच यहुद्यांचा योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. तौरातने सातव्या महिन्याची दहावी तारीख ठरवून दिली आहे. एका सूर्यास्ताच्या आधीपासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, सुमारे 25 तास, हा रोजा चालतो. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा प्रमुख याजक सर्वांसाठी कुर्बानी देऊन माफी मागत असे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडले. मग कुर्बानीची जागा दुआ आणि तौबा यांनी घेतली. दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचे नाव ‘नईला’, म्हणजे दार बंद होणे. माफीचे दार मिटण्याआधीची ही अखेरची हाक.

आपल्याला हे परके वाटू नये. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तिथले यहुदी आशूराचा रोजा ठेवत होते. अल्लाहने या दिवशी मूसांना (अलै.) फिरऔनपासून वाचवले, असे कारण त्यांनी सांगितले. मूसांवर आमचा हक्क अधिक, असे म्हणून प्रेषितांनीही रोजा ठेवला आणि इतरांना ठेवायला सांगितले. हिजरी 2 मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशूराचा रोजा ऐच्छिक राहिला. आशूरा म्हणजे दहावा दिवस. योम किप्पुरही दहावीलाच येतो, म्हणून अनेक अभ्यासक या दोहोंचा संबंध जोडतात.

याहून जवळची गोष्ट मिश्ना या यहुदी धर्मग्रंथात आहे. देवाचे अपराध या दिवशी माफ होतात. माणसाचे अपराध मात्र त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय माफ होत नाहीत. आपण याला हुकूकुल इबाद म्हणतो.

दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी बेने इस्रायली ‘शिळा सण’ पाळत. बंद दारे उघडत, गरिबांना दान दिले जाई, लोक एकमेकांच्या भेटीला जात. मुंबईत 1796 मध्ये त्यांनी पहिले प्रार्थनास्थळ बांधले, त्यालाही लोक ‘जुनी मशीद’च म्हणू लागले.

आशूराचा रोजा आपल्यातले बरेच जण ठेवतात. ज्याचे मन दुखावले, त्याच्या दारी त्याआधी किती जण जातात?