फाइल सर्व्हर, लहान कार्यालयातील

कार्यालयातील पत्रव्यवहार, हिशेब व नकाशे एकत्र साठवून जाळ्यातील इतर संगणकांस पुरविणारा संगणक. जुन्या परिभाषेत, कचेरीचे दप्तरच. पेशवाईतील दप्तर रुमालांत बांधलेले असे आणि ओल व वाळवी हे त्याचे वैरी, आंजर्ल्यासारख्या (ता. दापोली, जि. रत्नागिरी) समुद्रकाठच्या गावी या यंत्राचे वैरी खारा वारा, पावसाळी दमटपणा आणि विजेचा लपंडाव हे होत. खाऱ्या हवेने जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, पंख्याच्या पात्यांवर ओलसर धूळ धरते. यास्तव यंत्र खिडकीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवून यूपीएसला जोडावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील छपरे उडविली व वीज कित्येक दिवस खंडित राहिली. अशा प्रसंगी त्याच खोलीत ठेवलेली नक्कल मुळाबरोबरच भिजते. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी रेड ही योजना एक डिस्क निकामी झाल्यास काम चालू ठेवते खरी, परंतु चुकून पुसलेली फाइल ती दोन्हींवरून तत्क्षणी पुसते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी फार उशिरा येते. म्हणून एकूण तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर, पैकी एक परगावी, हा दंडक पाळावा.

प्रणालीचे नूतनीकरण टाळू नये (विंडोज सर्व्हर २०१२ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली). मात्र संपूर्ण प्रत हाती असल्यावाचून ते आरंभू नये. दरसाल मृगापूर्वी एखादी फाइल त्या प्रतीतून परत काढून, उघडून, वाचून पाहावी.