दप्तरातून दालनाकडे : धुळ्याच्या इतिहाससंग्रहांची घडण

खानदेशातील जुने कागद इतिहासाच्या प्रेमापोटी क्वचितच जपले गेले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी या वतनदार घराण्यांना, म्हणजे वंशपरंपरेने गावकीचे वा परगण्याचे काम करून त्याचा हक्क उपभोगणाऱ्या कुटुंबांना, तंट्याच्या प्रसंगी सनदा, महजर आणि निवाडपत्रे पुढे करावी लागत, आणि म्हणूनच हे कागद माळ्यावर, पेटाऱ्यात वा देवघराशेजारच्या कोनाड्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. इंग्रजी अमलात हक्कांची निश्चिती नव्या दप्तरांत होऊ लागली, तसतशी या पुराव्याची घरगुती गरज ओसरत गेली आणि कसर, वाळवी व रद्दीवाला यांना मोकळे रान मिळाले.

याच इंग्रजी अमलाने आजचे धुळे घडवले, हा योग विलक्षण म्हणावा लागेल. 1818 साली खानदेश कंपनीच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठच्या या गावी मुख्य ठाणे केले आणि 1819 पासून सरळ रस्त्यांची नवी वसाहत आखली. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या येथील गल्ल्या त्या आखीवपणाची साक्ष आजही देतात. जुन्या राजधानीची परंपरा पाठीशी नसलेल्या या कचेरीच्या गावी वकील, शिक्षक व कारकून यांचा जो वर्ग स्थिरावला, त्यातूनच संग्रहाचे काम उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि पुढे मठामठांतून रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवलेल्या या संग्रहात रामदासांच्या हस्ताक्षरातील मानले जाणारे वाल्मीकिरामायण आहे, तशीच अनेक बाडेही आहेत. बाड म्हणजे आखूड बाजूने शिवलेली आणि वरच्या दिशेने उलटायची लांबट वही.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची वाट वेगळी होती. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी 1898 मध्ये काढला, आणि पुण्यात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतल्यानंतरही ते मतभेदांमुळे तेथे रमले नाहीत. गावोगाव हिंडून, प्रसंगी मालकांचा संशय सोसून, त्यांनी कागद मिळवले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते धुळ्यास आले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्या मागे राहिलेल्या साधनांच्या जपणुकीसाठी 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. संस्थांशी सहसा न पटणाऱ्या या माणसाच्या नावाने चाललेली संस्था इतकी टिकावी, ही गंमत त्यांच्या चरित्रकारांनाही टाळता येणार नाही.

धुळ्यात कामाचा आरंभ कागदातून झाला. राजवाडे मंडळाच्या संग्रहालयात पाषाणशिल्पे, नाणी व ताम्रपट पाहावयास मिळतात, परंतु संस्थेचा मूळ ठेवा रुमालांत आहे. रुमाल म्हणजे संबंधित कागद एकत्र ठेवून चौकोनी फडक्यात बांधलेले गाठोडे. ते सोडले की अरुंद, लांब पट्ट्या दिसतात : आधी वरची आडवी रेघ ओढून तिला बोरूने लगटलेली मोडी अक्षरे, शब्दांमध्ये अंतर जवळजवळ नाहीच, आणि एक कागद संपला तर त्याच्या टोकास दुसरा खळीने चिकटवलेला. मोडी वाचणारे कमी झाल्याने हा ठेवा सामान्य प्रेक्षकाला काचेआडच्या मूर्तीपेक्षाही अधिक दूर वाटतो.

कागदावर उभ्या राहिलेल्या या परंपरेची मर्यादाही खानदेशातच उघड होते. वतनाच्या कागदांत हक्क सांगणारी घराणी भेटतात, राबणाऱ्या बायका सहसा भेटत नाहीत. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून 1952 साली ती छापली गेली. जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या स्मृत्यर्थ जपलेली शेतीची अवजारे आणि स्वयंपाकघरातील भांडी एका अर्थी दप्तराबाहेरच्या खानदेशाची साधने ठरतात, आणि राजवाड्यांच्या रुमालांइतकीच बारकाईची नोंद त्यांच्याही वाट्याला यावयास हवी.