मिरजेची तंतुवाद्ये

मिरजेची तंतुवाद्ये म्हणजे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील मिरज शहरात हाताने घडवली जाणारी सतार, तंबोरा व त्यांच्या कुळातील इतर वाद्ये होत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काही शिकलगार कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. कडू भोपळ्याचा तुंबा, तुनीच्या लाकडाची दांडी व तबली आणि कुशलतेने काढलेली जवारी ही या वाद्यांची प्रमुख लक्षणे आहेत. मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

इतिहास

उगम

मिरज हे पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे ठाणे होते. तलवारी, भाले यांसारखी शस्त्रे घडवणे व त्यांना धार लावणे हा शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय होता. इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर लढायांचा काळ संपला, शस्त्रांची मागणी घटली आणि या कारागिरांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. त्याच सुमारास संस्थानांच्या आश्रयाला आलेल्या गवयांना आपली वाद्ये दुरुस्त करून देणारा माणूस जवळपास मिळत नसे. मिरजेतील परंपरेनुसार १८५० च्या आसपास फरीदसाहेब व मोहिनुद्दीन या शिकलगार बंधूंनी प्रथम अशा दुरुस्तीचे काम हाती घेतले आणि पुढे स्वतः नवी वाद्ये घडवण्यास प्रारंभ केला. धातू व लाकूड यांवर बसलेला हात त्यांना येथे उपयोगी पडला. या घराण्यांतील अनेकांनी पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावले. त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली असे म्हटले जाते.

संगीताचे केंद्र म्हणून मिरज

हा व्यवसाय मिरजेतच रुजला, याचे मोठे कारण तेथील गायनाच्या वातावरणात आहे. महाराष्ट्रात ग्वाल्हेर घराण्याची गायकी आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर काही काळ मिरजेत होते. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी मिरज संस्थानाच्या आश्रयाने त्यांच्याकडेच शिक्षण घेतले. पुढे १९०१ मध्ये पलुस्करांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीत दरबारातून व घराण्यांतून शाळेत आणि सर्वसामान्यांच्या घरात येऊ लागले, तसे वाद्यांचे गिऱ्हाईकही वाढले. पूर्वी एखाद्या गवयापुरता लागणारा तंबोरा आता विद्यालयांना, शिक्षकांना व विद्यार्थ्यांनाही हवा होता.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले. त्यांची समाधी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात आहे. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी दर्ग्यात संगीतसभा भरते. सुरेल तंबोऱ्याविषयी किराणा घराण्याचा आग्रह प्रसिद्ध आहे. ऐकणारे गवई आणि घडवणारे कारागीर एकाच गावात असल्यामुळे गवयाने दोष सांगावा आणि कारागिराने तो लगेच काढावा, हे शक्य झाले. मिरजेच्या वाद्यांचा नाद याच देवाणघेवाणीतून घडला.

सामग्री

भोपळा : वाद्यासाठी लागणारा भोपळा भाजीचा नसतो. तो जाड सालीचा व कडू असतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, मंगळवेढा व बेगमपूर या भीमेकाठच्या परिसरात त्याची लागवड केली जाते. पक्व होऊन वाळलेला भोपळा कापून आतील गर व बिया काढतात, तो पाण्यात भिजवतात आणि आत काठ्यांचे आधार देऊन गोलाई आणतात. नंतर तो पुन्हा पूर्ण वाळू देतात. भोपळ्याचा आकार निसर्गाच्या हाती असल्याने कारागीर आधी भोपळा निवडतो आणि त्याच्या घेरावरून वाद्य कोणते व केवढे होईल हे ठरवतो.

लाकूड : दांडी, गळा व तबली यांसाठी प्रामुख्याने तुनीचे लाकूड वापरतात. ते वजनाला हलके असते आणि नीट मुरल्यावर सहसा पीळ धरत नाही. ओल्या लाकडाची दांडी कालांतराने वाकते व वाद्य निकामी होते, म्हणून लाकूड मुरवणे हा कामातील सर्वांत संथ पण अटळ भाग आहे.

घोडी व सजावट : घोडीसाठी व नक्षीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरले जाई. वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) व त्यातील पुढील दुरुस्त्यांनंतर त्यांची जागा उंटाचे हाड, शिसवी लाकूड व कृत्रिम पदार्थांनी घेतली. अखेरीस वाद्याला लाखेचे रोगण हाताने चढवतात.

देहाचे प्रकार

तंतुवाद्याच्या देहाचे काम तारेचे क्षीण कंपन मोठ्या पृष्ठभागावर पसरवून हवेपर्यंत पोहोचवणे हे आहे. बारीक तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून तबलीला व तबलीतून पोकळ तुंब्याला मिळते, तेव्हा नाद ऐकू येतो. त्यामुळे देहाचा आकार बदलला की नादही बदलतो.

पुरुषी तंबोरा : सुमारे पाच फूट लांबीचा, मोठ्या घेराच्या भोपळ्याचा. काळी एक, काळी दोन अशा खालच्या पट्टीसाठी हा योग्य ठरतो. खर्जाचा भरदारपणा हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

स्त्री-तंबोरा : लांबी व घेर दोन्ही कमी असलेला. काळी चार, काळी पाच या वरच्या पट्टीसाठी वापरतात. मोठ्या तंबोऱ्याच्या तारा नुसत्या ताणून ही पट्टी नीट साधत नाही. त्यासाठी तारेची लांबीच कमी असावी लागते.

तंबोरी : भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचा देह असलेला लहान प्रकार. प्रवासात नेण्यास व वादकांच्या साथीला सोयीचा. नाद मोठ्या तंबोऱ्याहून पातळ असतो.

सतार : हिचे आज दोन मुख्य नमुने आहेत. रविशंकर यांच्या वादनामुळे रूढ झालेल्या नमुन्यात खर्जाच्या तारा असतात व दांडीच्या वरच्या टोकाला पुष्कळदा दुसरा लहान तुंबाही बसवलेला असतो. विलायत खाँ यांच्या गायकी अंगाच्या नमुन्यात एकच तुंबा असून खर्जाच्या त्या तारा काढलेल्या असतात. दोहोंत पडद्यांखालून तरफेच्या तारा जातात. पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे रागानुसार सरकवता येतात.

भजनी वीणा : गळ्यात अडकवून उभी धरली जाणारी, चार तारांची वीणा. वारकरी कीर्तनाची सुरुवात हिच्याशिवाय होत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात ती खाली ठेवली जात नाही. वीणेकरी पाळीपाळीने ती धरतात. पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्या दिंड्या आणि संत गोरोबाकाकांच्या तेरपासून (धाराशिव जिल्हा) गावोगावच्या सप्ताहांपर्यंत हिची मागणी असते. मैफलीच्या वाद्यांची विक्री मंदावते, तेव्हाही हे गिऱ्हाईक टिकून असते.

याखेरीज सूरबहार, रुद्रवीणा, दिलरुबा, सारंगी व स्वरमंडळ ही वाद्येही मिरजेत घडवली जातात.

जवारी

भारतीय तंतुवाद्यांची घोडी धारदार नसून रुंद व किंचित उतरती असते. तार तिच्यावर एका बिंदूत टेकत नाही. कंप पावताना ती घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा ओझरती चिकटते व सुटते. त्यामुळे मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर उमटतात. तंबोऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा सरकवून ही स्पर्शरेषा नेमकी जुळवतात. त्या दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार स्वयंभू ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा व तंबोऱ्याच्या घोडीच्या या गुणधर्माकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले.

घोडीचा उतार कानसेने घासून काढण्याच्या कामाला जवारी काढणे म्हणतात. त्याचे माप नसते. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. एक घास जास्त झाला तर काम पहिल्यापासून करावे लागते. वापराने घोडीवर खाचा पडतात, म्हणून जवारी ठरावीक काळाने पुन्हा काढावी लागते. या दुरुस्तीसाठी दूरदूरचे कलावंत आपली वाद्ये मिरजेला पाठवतात.

विद्युत वाद्यांशी तुलना

पोकळ देहाची ही अट विसाव्या शतकात विद्युत गिटारने मोडली. धातूची तार चुंबकाजवळ कंप पावली की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. तो वर्धकाने वाढवला तर नाद निर्माण करण्याचे काम देहाकडे राहतच नाही. अमेरिकेत १९३१ च्या सुमारास जॉर्ज बोशाँ व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी ओतीव ॲल्युमिनियमची अशी गिटार तयार केली. तिच्या आकारावरून तिला ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडले. पोकळ गिटारला चुंबकीय ग्राहक जोडल्यास वर्धकाचा आवाज देहात शिरून घुमू लागे व कर्कश शीळ उठे. त्यावर उपाय म्हणून भरीव देह पुढे आला. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव देहाची गिटार बाजारात आणली. गिब्सन कंपनीची लेस पॉल १९५२ मध्ये, तर फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. मध्ये भरीव ठोकळा व दोन्ही बाजूंस पोकळी असा अर्धपोकळ देह गिब्सनने १९५८ मध्ये आणला. पोकळ, अर्धपोकळ व भरीव हे विद्युत गिटारच्या देहाचे तीन मुख्य प्रकार तेव्हापासून रूढ आहेत.

सतारीलाही हाच मार्ग दाखवण्याचे प्रयत्न झाले. १९६७ मध्ये अमेरिकेत आलेली कोरल विद्युत सतार मुळात गिटारच होती. सतारीचा भास व्हावा म्हणून तिला जवारीसारखी झणझण देणारी रुंद घोडी बसवली होती. भारतात नीलाद्री कुमार यांचे ‘झिटार’ हे सतार व गिटार यांच्या मिलाफातून झालेले वाद्य प्रसिद्ध आहे. चपट्या लाकडी देहाच्या, ग्राहक बसवलेल्या सतारी व तंबोरेही आता घडवले जातात. मात्र या सर्व वाद्यांत देह बदलला तरी घोडी बदललेली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. विजेने नाद मोठा करता येतो, परंतु जवारीचे उपस्वर तार व घोडी यांच्या स्पर्शातूनच यावे लागतात.

सद्यःस्थिती

व्यवसायाला खरा धक्का इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने दिला. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये असे यंत्र तयार केले. स्वस्त, सुटसुटीत व जुळवण्याची कटकट नसलेले हे साधन रियाजाच्या खोलीत तंबोऱ्याच्या जागी आले. पुढे भ्रमणध्वनीतील उपयोजनांनी तेही काम फुकटात करून दिले. पहिला तंबोरा विकत घेणारा विद्यार्थी यामुळे दुरावला. तंबोरा स्वतः जुळवताना कानाला मिळणारे शिक्षणही त्याबरोबर मागे पडले.

कच्च्या मालाची अडचणही आहे. वाद्याच्या भोपळ्याला दुसरा बाजार नसल्याने शेतकऱ्याला हे पीक बेभरवशाचे वाटते. एक वाद्य पूर्ण होण्यास अनेक आठवडे लागतात आणि जवारीसारखे काम अंगी येण्यास वर्षे जातात. त्यामुळे तरुण पिढी अन्य व्यवसायांकडे वळते.

भौगोलिक मानांकन सतारीसाठी मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर या संस्थेला, तर तंबोऱ्यासाठी सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्म या संस्थेला मिळाले. अन्यत्र बनलेले वाद्य मिरजेचे म्हणून विकण्यास यामुळे कायद्याने आळा बसतो. मानांकन नावाचे रक्षण करते. हाताचे कसब मात्र नव्या शिकाऊ कारागिरांकडे पोहोचले तरच टिकते. भोपळ्याची लागवड, मुरलेल्या लाकडाचा पुरवठा आणि शिकणाऱ्यांना मिळणारा मोबदला या तीन गोष्टींवर मिरजेच्या तंतुवाद्यांचे भवितव्य अवलंबून आहे.